मधुमेह आणि डोळ्यांचा पडदा: मी केलेल्या, पाहिलेल्या या चुका टाळा

नागपुरात धंतोलीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात बाहुली मोठी करायचे थेंब घालून मी बाकावर बसलो होतो. शेजारी उमरेडकडचे एक काका, मुलानं बळेच आणलेले. थेंब टाकायला आलेल्या सिस्टरला ते म्हणाले, "मले तं बराबर दिसून राहिलं जी, मंग काऊन टाकून राहिले?" थोड्या वेळापूर्वी त्यांनी भिंतीवरच्या तक्त्यातली खालून दुसरी ओळ धडाधडा वाचलेली मी ऐकली होती. तासाभरानं ते आतून बाहेर आले तेव्हा मुलाच्या हातातल्या कागदावर दोन्ही डोळ्यांना लेझर लिहिलेलं होतं. काकांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांना दिसत होतं आणि डोळ्याच्या आतला मागचा पडदा, म्हणजे रेटिना, खराबही झालेला होता. या आजारात दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, आणि खालच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

मी डॉक्टर नाही. सक्करदऱ्यात राहणारा, बँकेतून निवृत्त झालेला, १७ वर्षांचा जुना शुगर पेशंट. उजव्या डोळ्याला लेझर झालंय, डाव्यात आतापर्यंत ९ इंजेक्शनं. यातल्या अर्ध्या चुका माझ्या स्वतःच्या, उरलेल्या नात्यागोत्यात आणि रांगेत बसून पाहिलेल्या.

"आत्ताच तर नंबर काढला"

माझी मोठी बहीण काटोलला असते. ताई दर दोन वर्षांनी चष्मा बदलते आणि त्यालाच डोळे तपासणं म्हणते. नंबर काढताना पाहतात ते प्रकाश पडद्यावर नीट जुळतो की नाही एवढंच. मधुमेहाचा मुख्य घाव बसतो तो मागच्या पडद्यावर.

तिथल्या रक्तवाहिन्या केसापेक्षा बारीक. साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की त्यांच्या भिंती कमकुवत होतात, त्यांना सूक्ष्म फुगे येतात आणि त्यांतून पाणी, चरबी, रक्त झिरपायला लागतं. काही वाहिन्या बंदच पडतात. मग रक्त न पोचलेला पडदा व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडून नव्या वाहिन्या उगवून घेतो. त्या इतक्या ठिसूळ असतात की आपोआप फुटतात आणि डोळ्यात रक्त सांडतं. नाहीतर त्यांचं जाळं आकसतं आणि पडद्याला ओढून जागेवरून सोडवतं. हे सगळं कडेकडेनं चाललेलं असेल तर तक्ता वाचायला काहीच अडत नाही. अक्षरं वाचतो तो पडद्याच्या मधोमध असलेला चिमूटभर भाग, मॅक्युला. त्यात पाणी साचलं की मग ओळी हलायला लागतात. म्हणजे तक्त्यावरची ६/६, पूर्ण नजर ही फक्त मॅक्युलाची पावती झाली.

म्हणून तपासून आलेल्या माणसाला "नंबर किती निघाला?" असं विचारू नका. थेंब घालून पडदा पाहिला का, ते विचारा.

पहिली तपासणी पुढे ढकलणं

टाइप १ मधुमेहात आजार सुरू झाल्यापासून ५ वर्षांच्या आत पहिली तपासणी पुरते. टाइप २ मध्ये निदान झालं त्याच सुमारास करायची असते, कारण हा आजार कळण्याआधी कैक वर्षं अंगात मुरलेला असतो. मला २००८ मध्ये शुगर निघाली आणि पडदा मी पहिल्यांदा दाखवला २०१३ मध्ये. त्या ५ वर्षांचा हिशोब आता कोणाकडेच नाही. पहिल्या तपासणीनंतर साधारण दर वर्षी दाखवायचं. पडद्यावर काही सापडलं की अंतर कमी होतं. सौम्य बदलांना ६ ते १२ महिने, मध्यम असेल तर ३ ते ६ महिने, तीव्र असेल तर ३ महिन्यांच्या आत. तीव्र टप्प्याला हलकं घेऊ नका. अमेरिकेतल्या १९८० च्या दशकातल्या मोठ्या अभ्यासात या टप्प्यावरच्या जवळपास निम्म्या डोळ्यांत वर्षभरात नव्या वाहिन्या उगवलेल्या आढळल्या होत्या.

घरात आधीपासून मधुमेह असलेली मुलगी किंवा सून गरोदर असेल तर तिचं वेळापत्रक वेगळं. दिवस राहण्याआधी किंवा पहिल्या तीन महिन्यांत पडदा पाहायचा, मग डॉक्टर सांगतील तसा पुन्हा, आणि बाळंतपणानंतर वर्षभर लक्ष ठेवायचं. गरोदरपणात आजार भरभर पुढे सरकू शकतो. फक्त गरोदरपणापुरती वाढलेली शुगर असेल तर हा धोका सहसा नसतो.

थेंब नकोत, आणि उपाशीपोटी येणं

थेंबांनी बाहुली मोठी व्हायला २०-३० मिनिटं लागतात आणि पुढचे चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, उजेड टोचतो. नवतप्यात, मे अखेरच्या कडक उन्हात, भर दुपारी धंतोलीहून स्वतः गाडी हाकत घरी जायचा पराक्रम मी एकदा केलाय. मेडिकल चौकात सिग्नल लाल होता की हिरवा, ते आजही सांगता येणार नाही. सकाळची वेळ घ्या, ऑटो किंवा मेट्रोनं जा, सोबत कोणी असू द्या, काळा चष्मा आणि दुपट्टा ठेवा. पण थेंबच नको म्हणू नका. बाहुली लहान असताना पडदा पाहणं म्हणजे दाराच्या फटीतून वाडा पाहणं. काचबिंदूचा त्रास किंवा डोळ्याचा कोन अरुंद असल्याचं कोणी सांगितलं असेल तर तेवढं आधी सांगा.

उपाशी येणाऱ्यांची संख्या पाहून मला दर वेळी आश्चर्य वाटतं. शुगरची तपासणी म्हटलं की उपाशीपोटी, हे डोक्यात पक्कं बसलेलं. गोळ्या घेतलेल्या, पोटात काही नाही, रांग दुपारी एकपर्यंत. माझ्यासमोर एक बाई घामानं चिंब होऊन बाकावरच कलंडल्या. पडदा पाहायला आणि ओसीटी नावाच्या स्कॅनला उपाशी राहावं लागत नाही. हातातून पिवळा रंग टोचून फोटो काढायचे असतील तर काय खायचं ते आधी विचारून घ्या. त्या रंगानं दिवसभर लघवी केशरी होते, घाबरू नका. मूत्रपिंडाचा आजार किंवा ॲलर्जी असेल तर ते मात्र टोचण्याआधी सांगायचं.

शिबिरात मोबाइलसारख्या कॅमेऱ्यानं फोटो काढून "ठीक आहे" सांगतात, त्याबद्दल एक. फोटो काढणं चांगलंच, त्यातून पुष्कळ आजार सापडतात. पण मोतीबिंदू असेल किंवा बाहुली लहान असेल तर फोटो वाचण्यासारखा येतच नाही. आणि मॅक्युलातली सूज सपाट फोटोत निसटू शकते. "फोटो नीट आला का?" हा प्रश्न तिथंच विचारावा.

जुने कागद फेकून देणं

माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. नजर ठेवणं म्हणजे आजचा डोळा कालच्या डोळ्याशी ताडून पाहणं. कालचा कागद नसेल तर डॉक्टर कितीही हुशार असो, त्याच्यासाठी तुम्ही पहिल्याच दिवशीचे पेशंट.

लोक शुगरची फाइल जपतात, डोळ्यांचा कागद चष्म्याच्या डबीत घडी होऊन मरतो. मी दिवाळीच्या सफाईत २०१४ चा ओसीटीचा कागद रद्दीत घातला होता. ओसीटी म्हणजे पडद्याचा आडवा छेद दाखवणारं, न टोचता होणारं स्कॅन. त्यात मध्यभागाची जाडी मायक्रॉनमध्ये येते. माझ्या डायरीत फक्त आकडा उरला होता, २१४. पुढे दुसऱ्या ठिकाणी स्कॅन केलं तर २७१. घरी येऊन मी बायकोला सांगितलं की डोळा सुजला. दोन रात्री झोप नाही. नंतर डॉक्टरांनी समजावलं की जुन्या पिढीची मशिनं जाडी वेगळ्या थरापासून मोजत, त्यामुळे त्याच निरोगी डोळ्याचा आकडा नव्या मशिनवर पन्नास-साठ मायक्रॉननं जास्त येऊ शकतो. चित्रात पाण्याचा एकही कप्पा नव्हता. जुनं चित्र जवळ असतं तर ते दोन मिनिटांत कळलं असतं. तेव्हापासून जमेल तितकं त्याच ठिकाणी, त्याच मशिनवर स्कॅन करतो, आणि जागा बदलली की आकड्याबरोबर चित्रही मागून घेतो.

प्रत्येक भेटीनंतर दोन्ही डोळ्यांसाठी वेगवेगळं लिहून मागायचं: आजार आहे का, कुठला टप्पा, मॅक्युलाला सूज आहे का, पुढची तारीख. कागदावर 'एनपीडीआर' असेल तर नव्या वाहिन्या अजून आलेल्या नाहीत, 'पीडीआर' असेल तर आल्या आहेत, 'डीएमई' म्हणजे मॅक्युलाची सूज. "सगळं ओके" एवढंच तोंडी ऐकून उठू नका. कागदाचा मोबाइलवर फोटो काढून मुलांना पाठवून ठेवा. मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांच्या किंवा मिहानमधल्या एम्सच्या नेत्रविभागात गेलात तरी हेच लागू. तिथं दर वेळी वेगळा डॉक्टर भेटू शकतो, म्हणून कागद तर जास्तच लागतो.

शुगर डोलत असताना चष्मा करणं

एका वर्षी मी तीन महिन्यांत बर्डीच्या बाजारातून दोन चष्मे केले आणि दोन्ही वेळा चष्मेवाल्याशी भांडलो. दोष त्याचा नव्हता. साखर चढली की डोळ्यातलं भिंग पाणी धरतं आणि नंबर सरकतो. कधी कधी जवळचं अचानक बिनचष्म्याचं दिसायला लागतं आणि माणूस खूश होतो. औषध सुरू होऊन साखर उतरली की नंबर पुन्हा उलटा जातो. शुगर चार-सहा आठवडे एका जागी टिकली की मगच चष्मा करा. तोवर जुन्यावर भागवा. आणि दिवसभरात नजर कमी-जास्त होत असेल तर त्या वेळची शुगर मोजून शेजारी लिहून ठेवा. डॉक्टरला त्यातून बरंच कळतं.

तीन महिन्यांच्या सरासरीवर डोळे मिटून विश्वास

ही गोष्ट विदर्भात तरी प्रत्येकाला माहीत हवी. साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी रक्ताच्या लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ घरांत आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे आकडा खोटा कमी येतो आणि माणूस शुगर आटोक्यात आहे म्हणून निर्धास्त राहतो. केवळ वाहक असेल तर गडबड होणं न होणं लॅबच्या पद्धतीवर ठरतं. उलट, लोहाच्या कमतरतेनं झालेल्या ॲनिमियात आकडा वाढलेला दिसू शकतो. घरच्या ग्लुकोमीटरचे आकडे आणि एचबीए१सी यांचा मेळ बसत नसेल तर घरात सिकलसेल असल्याचं डॉक्टरांना सांगा. फ्रुक्टोसामिनसारखी दुसरी तपासणी असते. सिकलसेल स्वतःही पडदा बिघडवतो, तेव्हा अशा माणसाला पडदा दाखवायची दोन कारणं झाली.

साखरेइतकाच बीपीचा वाटा आहे. १९९८ मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस अभ्यासात बीपी काटेकोर ठेवलेल्यांत पडद्याचा आजार पुढे सरकण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी होतं. शुगर रोज मोजणारे आणि बीपीची गोळी "आज बरं वाटून राहिलं" म्हणून सोडणारे मला आठवड्याला दोन तरी भेटतात.

"शुगर उतरवली आणि डोळा बिघडला"

असं खरंच होऊ शकतं, म्हणून लोक घाबरून इन्सुलिन सोडतात. ती चूक आहे. खूप चढलेली साखर एकदम खाली आणली तर आधीपासून बिघडलेला पडदा काही महिने आणखी बिघडू शकतो. १९९३ च्या डीसीसीटी अभ्यासातही सुरुवातीला हे दिसलं होतं. पण पुढे त्याच अभ्यासात साखर काटेकोर ठेवणाऱ्यांना नव्यानं आजार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. वजनासाठी आणि शुगरसाठी हल्ली लोकप्रिय झालेल्या सेमाग्लुटाइडच्या अभ्यासातही पडद्याचे त्रास थोडे जास्त दिसले होते. त्यामुळे मोठा औषधबदल करण्याआधी पडदा दाखवा, आणि सुरुवातीच्या महिन्यांत तपासण्या जवळ जवळ ठेवा. पायोग्लिटाझोनची गोळी चालू असेल तर तेही डोळ्यांच्या डॉक्टरला सांगा, तिनं मॅक्युलाची सूज वाढू शकते.

लेझर आणि इंजेक्शन यांची गल्लत

"लेझर केलं तरी नजर आली नाही" ही तक्रार रांगेत हमखास ऐकू येते. नव्या वाहिन्यांसाठी करतात ते लेझर नजर आणण्यासाठी नसतंच. त्यात कडेचा पडदा मुद्दाम शेकून त्याची रक्ताची मागणी कमी करतात, म्हणजे नव्या वाहिन्या वाळतात आणि मधली नजर वाचते. त्याची किंमतही आहे. रात्रीचं आणि कडेचं थोडं कमी दिसतं. हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर माणूस दुसरी बैठक चुकवतो. मी चुकवली होती.

इंजेक्शन व्हीईजीएफला आवरतं आणि मॅक्युलाची सूज उतरवतं. सुरुवातीला ते साधारण दर महिन्याला लागतं. दोन झाली, पेपर वाचता यायला लागला, की लोक येणं सोडतात. औषधाचा असर ओसरला की पाणी पुन्हा भरतं, आणि पुन्हा पुन्हा सुजलेल्या मॅक्युलाची नजर पूर्ण परत येईलच असं नाही. खर्चाची अडचण असेल तर गायब होण्यापेक्षा ती बोला. बेव्हासिझुमॅबसारखा स्वस्त पर्याय असतो, शासकीय रुग्णालयात आणि योजनांबद्दल विचारता येतं.

मोतीबिंदूचं थोडक्यात: धूसर दिसतं म्हणजे मोतीबिंदूच, असं परस्पर ठरवू नका. ऑपरेशनच्या आधी पडदा तपासून घ्या. आत सूज असेल तर ऑपरेशननंतर ती वाढू शकते आणि महागाची लेन्स घालूनही अक्षर दिसत नाही.

गुलाबपाणी, मध, गाजराचा रस, मेडिकलवाल्यानं दिलेले लालीचे थेंब. यांतलं काहीही पडद्यापर्यंत पोचत नाही. स्टिरॉइडचे थेंब स्वतःच्या मनानं घातले तर डोळ्यातला दाब वाढतो, तो आणखी एक ताप.

आज अचानक काही झालं तर

घरी दर आठवड्याला एकेक डोळा झाकून, वाचायचा चष्मा लावून, चौकटीची वही हातभर अंतरावर धरून पाहा. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहाल तर चांगला डोळा वाईटाला सांभाळून घेतो आणि महिनोन् महिने कळत नाही. रेषा वाकड्या, तुटक दिसल्या तर त्याच आठवड्यात दाखवा. वही सरळ दिसली म्हणून तारीख मात्र चुकवायची नाही.

एकाएकी काळे ठिपके, कोळिष्टकं किंवा लाल-काळा धूर दिसला तर आत रक्त सांडलेलं असू शकतं. त्याच दिवशी जा. तोवर डोकं उंच ठेवा, ओझं उचलू नका. चमका दिसताहेत, कडेनं सावलीचा पडदा सरकतोय, तर रात्र जाऊ देऊ नका. इंजेक्शननंतर पांढऱ्या भागावर लाल डाग आला आणि दुखत नसेल तर तो काही दिवसांत जातो. पण दुखणं, लाली आणि नजर कमी होणं यांतलं काहीही वाढत चाललं तर तो जंतुसंसर्ग असू शकतो, सोमवारची वाट पाहू नका. एक वस्तू दोन दिसते आणि एक डोळा झाकला की एकच दिसते, तर डोळा हलवणाऱ्या नसेचा त्रास असू शकतो. अशा वेळी सोबत तोंड वाकडं, बोलणं जड किंवा हातपाय लुळा वाटला तर डोळ्यांचा दवाखाना सोडा, सरळ मोठ्या हॉस्पिटलची इमर्जन्सी गाठा.

नजर उणी झाल्यावर घरात होणाऱ्या चुका

आकड्यात नजर ६/१२ असली तरी रोजचं जगणं त्या आकड्यात मावत नाही. फिक्या रंगातला फरक कळेनासा होतो, निळ्या-पिवळ्यात गोंधळ होतो, उन्हातून घरात आलं की बराच वेळ अंधार. लेझरनंतर मी रात्री वर्धा रोडवर स्कूटर चालवणं सोडलं, समोरून येणाऱ्या दिव्यात दुभाजक विरघळून जायचा. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला मुलानं पिवळी पट्टी चिकटवली. ताईला पांढऱ्या फरशीवर सांडलेलं दूध दिसलं नाही आणि ती घसरली, आता ती दूध गडद रंगाच्या कपात ओतते.

सगळ्यांत जोखमीचं इन्सुलिन. पेनचा आकडा नीट दिसत नाही म्हणून मी टकटक मोजून डोस लावायचो. कंपन्या तसं करू नका असं स्पष्ट सांगतात. एका रात्री मोजणी चुकली, १२ ऐवजी १८ युनिट गेलं, आणि दोन वाजता मी स्वयंपाकघरात घामेजून साखर चाटत उभा होतो. आता पेनवर भिंग बसवलंय, डोस मोठ्या अक्षरात फ्रिजवर लिहिलाय, आणि टोचण्याआधी आकडा बायको मोठ्यानं वाचते.